धुळ्याच्या चौथ्या गल्लीतला केशरनाथ

भिकुबाई कासारीण कोणत्या दिवशी कोणत्या आळीत येणार, हे भडगावातल्या पुरुषांना कधीच ठाऊक नसे आणि बायकांना कायम ठाऊक असे. तीच काचेची बांगडी बाजारात स्वस्त मिळे. पण बाजारात कोणी हात हातात घेऊन बसत नाही. भिकुबाई ओसरीवर टोपली उतरवायची, बाईचा हात मांडीवर घ्यायची, अंगठा तळहातात दाबून बांगडी अशी चढवायची की हाताला कळूही नये. नवरा आणि वैद्य सोडले तर बाईचा हात एवढा वेळ धरणारं माणूस हेच एक, आणि त्यातही मन मोकळं करावं असं हेच एक. त्यामुळे तिच्या पोटात अख्ख्या गावाचं होतं, आणि ते पोटातच राहत होतं. निदान त्या वर्षापर्यंत तरी राहिलं. गावात खादीच्या टोप्या नुकत्या दिसू लागल्या होत्या, त्या वेळची ही गोष्ट.

तिचा नवरा सुकदेव पूर्वी तिच्याबरोबर पाचोऱ्याचा, पारोळ्याचा बाजार करायचा. मोठा बोलघेवडा गडी. मग लकवा झाला, उजवं अंग गेलं आणि गडी खाटेला लागला. जीभ वाचली, पण बोलणं त्याने सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायचा, भाकरी पुढे केली की डोळे मिटायचा. भिकुबाईने देव केले, मालिश केली, भांडून पाहिलं, रडून पाहिलं. गडी हळूहळू हातचा चालला होता आणि तिला ते उघड्या डोळ्यांनी बघावं लागत होतं.

त्याला उठवलं एका पुस्तकाने. सुकदेवचा भाऊ पाचोरा स्टेशनवर हमाल होता. कोणी उतारू बाकावर विसरून गेलेलं पुस्तक त्याने आणून दिलं. सुकदेव चौथी शिकलेला. पुस्तकाचं नाव ‘केशरनाथाचा पराक्रम’. धुळ्याच्या चौथ्या गल्लीत राहणारा हा केशरनाथ म्हणे गुप्त पोलीस, पण अंगाने लठ्ठ आणि झोपेचा पक्का. एका शेठाणीची मोत्यांची नथ चोरीला जाते आणि हा ती शोधायला निघतो. चोरावर पाळत ठेवायची म्हणून ज्वारीच्या कणगीत लपतो आणि तिथेच घोरायला लागतो, त्या घोरण्याला भूत समजून चोर पळतो. वर ह्या बाबाचं मन दोन ठिकाणी अडकलेलं. एक शेठाची पुतणी चंपा, नाजूक, शिकलेली. दुसरी रुक्मा, खाणावळ चालवणारी विधवा, जी त्याला शिव्या देत देत चौथी भाकरी वाढते.

कणगीचं प्रकरण वाचताना सुकदेव हसला. भिकुबाई चुलीपाशी होती, तिच्या हातातली काठवट सुटली. त्या दिवशी त्याने भाकरी मागून घेतली.

मग रीतच पडली. सकाळी सुकदेव डाव्या हाताने पुस्तक धरून थोडं वाचून दाखवी आणि भिकुबाई ते पोटात घेऊन टोपली उचलून निघे. बांगडी चढवता चढवता सांगे. बायका हसून हसून हात हलवत आणि ती दटावी, काच आहे गं, नीट बस. पुढचं ऐकायला म्हणून ज्यांच्या हातात अजून जागा होती त्यांनीच नव्हे, ज्यांच्या कोपरापर्यंत बांगड्या गेल्या होत्या त्यांनीही तिला बोलावलं. आणि प्रत्येकीचं मत वेगळं. पाटलाच्या घरी म्हणत की नथ मुनिमाने घेतली, त्याची नजरच चांगली नाही. दलिचंद शेठच्या घरात लाडकुंवर शेठाणीला ते मुळीच पटेना. मुनीम एवढा मूर्ख नसतो, नथ शेठाणीनेच लपवली असणार, नवऱ्याला घाबरवायला, आपण असतो तर तेच केलं असतं. लग्नावरून तर गावाच्या दोन फळ्या झाल्या. पोरीबाळी चंपाच्या बाजूने. संसार केलेल्या बायका म्हणत, एवढं खाणाऱ्या माणसाला चंपा काय वाचून वाढणार आहे, त्याला रुक्माच हवी. आपल्यात पाट लागतोच की, मग विधवा असली तर काय झालं.

संध्याकाळी भिकुबाई हे सगळं सुकदेवला सांगे. तो ह्याचीच वाट बघत बसलेला असे, उशीला टेकून, केस विंचरून. कोण काय म्हणालं ते तो दोनदा विचारी, भांडे, चूक काढी. शेवट त्याने मुद्दाम वाचला नव्हता. सगळ्यांबरोबर वाचायचा म्हणे. पुस्तकापेक्षा त्याला ह्या बायकांची मतंच जास्त गोड लागत होती, आणि भिकुबाईला त्याची भूक.

आता तानुबाई. वना आबाची सून, चुडामणची बायको, तीन वर्षांच्या पोराची आई. माहेर तापीपलीकडे शिरपूरकडचं, आईबाप गेलेले, भाऊ असून नसल्यासारखा. गळा मात्र असा की पहाटे ती जात्यावर बसली की शेजारणी आपलं जातं थांबवून ऐकत. ऐकलेलं ओवीत घालायची तिला सवय. गावातल्या बऱ्याच बायका तेव्हा केशरनाथाला जात्यावर घेत होत्या, पण तानुबाईने त्याला असा घेतला की तो कणगीत झोपलेला डोळ्यांपुढे दिसावा. केशरनाथा, ऊठ रे, पहाट झाली, माझ्या कणगीत तू किती निजशील, असा काहीसा तिच्या ओवीचा भाव होता.

एके पहाटे चुडामण मळ्यातून लवकर परतला आणि त्याने ते ऐकलं.

आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. उखाण्यात घेतलं तर लाजून लाल होते. आणि ही परक्या पुरुषाचं नाव घेते, नुसतं घेते नव्हे, आपल्या घराच्या कणगीतून त्याला उठवते. चुडामणने आधी जाऊन कणगीत हात घातला. मग बायकोला विचारलं. तानुबाई बिचारी हसली, म्हणाली की तो गोष्टीतला आहे. तिचं हसणंच तिला भोवलं. हे वना आबापर्यंत गेलं तोवर घराची अब्रू गेल्यासारखी झाली होती. सासू झुंबरबाई खाली मान घालून बसली होती. आबांनी तिला विचारलं, तुला ह्यातलं काही माहीत आहे का. ती नाही म्हणाली.

हीच झुंबरबाई प्रत्येक वेळी हात पुढे करून सर्वांत आधी बसायची. रुक्माच्या बाजूने तिच्याइतकं तावातावाने कोणी भांडलं नव्हतं.

भिकुबाईला हे कळलं. आपण घरोघर हसू वाटत होतो आणि एका घरात ते असं उलटलं. तानुबाईला परसात गाठलं, तर ती पोराला कडेवर घेऊन उभी होती, डोळे सुजलेले. आबांचं ठरलं होतं म्हणे. तो माणूस सापडला की त्याचं बघायचं आणि हिला भावाकडे पोचवायचं. पोरगा घराण्याचा, तो इथेच राहील.

“माले काढं ते मी गिरनामा जासू, अक्का,” तानुबाई म्हणाली. आवाज चढला नाही, रडणंही नाही. भिकुबाईला गावाबाहेरची दुथडी वाहणारी गिरणा नदी आठवली.

ती त्याच पावली घरोघर गेली. फार काही मागत नव्हती. कोणीतरी दोघी-तिघींनी येऊन आबांना सांगावं, की हे नाव आम्हीही घेतो, ही गोष्ट आहे, सगळ्यांनी ऐकली आहे. पाटलीण म्हणाली, कसली गोष्ट गं, मला नाही बाई आठवत. लाडकुंवर शेठाणी दारातच आली नाही, आतून निरोप आला की बांगड्या नकोत. काल-परवापर्यंत चंपावरून ज्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या, त्या जावाजावा आज एका सुरात म्हणाल्या, कोण केशरनाथ. एकीने तर पदर पसरला आणि म्हणाली, अक्का, माझं नाव कुठे काढू नकोस, तुझ्या पाया पडते. भिकुबाईला राग यायला हवा होता. पण बांगड्या भरताना ज्या मनगटांवर वळ पाहिले होते, ती मनगटं तिला पाठ होती. ती कोणाला काय बोलणार.

सुकदेव म्हणाला, पुस्तक घेऊन जा. छापील आहे, लोकांनी नाही ऐकलं तरी छापील कसं नाकारतील. त्याचा छापील अक्षरावर फार भरवसा होता. तिने पुस्तक पदराखाली धरलं, शाळेच्या छगन मास्तरांच्या हातापाया पडली आणि त्यांना घेऊन वना आबाच्या ओट्यावर गेली. मास्तर चांगला माणूस. त्यांनी पुस्तक उघडून मोठ्याने वाचलं, की धुळे शहरी चौथ्या गल्लीत केशरनाथ नावाचे गृहस्थ राहत असत. मग चष्मा काढून समजावलं, की ही कादंबरी आहे, असा कोणी माणूस नाही, लिहिणाऱ्याने तो मनाने रचला.

आबांनी पुस्तक हातात घेतलं. उलटं धरलं होतं, पण नीट पाहिलं. त्यांच्या घरात छापलेली वस्तू एकच होती, देव्हाऱ्यातली पोथी. दर चातुर्मासात ती लावली जाई आणि तिच्यातल्या एका अक्षरावर कोणी शंका घेतली नव्हती.

“नाव छापेल शे, गाव छापेल शे, गल्ली बी छापेल शे,” आबा म्हणाले. “जो मानूसच नही, त्यानी गल्ली कोन छापी?”

मास्तर म्हणाले की कादंबरीत तसंच असतं. आबांनी विचारलं, मग पोथीत लिहिलंय तेही कोणी मनाने रचलं का. ओट्यावर चार माणसं जमली होती. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले की तसं नाही, पोथीची गोष्ट वेगळी. शाळा सुटायची वेळ झाली म्हणून ते उठून गेले. भिकुबाई माणसाचा नसलेपणा सिद्ध करायला आली होती आणि त्याचा पत्ता देऊन परत गेली.

तो पत्ता घेऊन चुडामण धुळ्याला निघाला. कजगावला गाडीत बसला, चाळीसगावला बदलली, हातात काठी. इकडे भिकुबाईला वाटलं, बरं झालं, तिथे कोणी नाही हे त्याचं त्यालाच दिसेल. पण देव एखाद्याच्या मागे लागला की पुरता लागतो. चौथ्या गल्लीत पानाच्या दुकानापाशी चुडामणने विचारलं, तर तिथे रुपचंद नावाचा कापडाच्या दुकानातला गुमास्ता उभा. त्याने ती कादंबरी वाचलेली. खेडवळ माणूस केशरनाथाला शोधतोय हे पाहून त्याला उकळ्या फुटल्या. म्हणाला, अहो आत्ताच होते, रुक्माच्या खाणावळीत जेवून गेले, भडगावकडे काहीतरी काम निघालंय म्हणत होते.

चुडामण तसाच माघारी फिरला. आता आबांना पुराव्याची गरज उरली नाही. शिरपूरच्या भावाला निरोप गेला, की येऊन बहिणीला घेऊन जा. तानुबाईने जेवण सोडलं होतं. पोराला तिच्यापाशी झोपू देत नव्हते.

भिकुबाई स्वतः धुळ्याला गेली. माल आणायला जायचंच होतं, पण मालाकडे तिचं लक्ष नव्हतं. विचारत विचारत तिने तो रुपचंद गाठला आणि दुकानाच्या पायरीवर बसून त्याला हात जोडले. एकदा भडगावला चला, एवढंच सांगा की थट्टा केली, एका बाईचा जीव जातोय. रुपचंद ओशाळला. नंतर हसला. म्हणाला, बाई, म्हणजे तुम्हीसुद्धा वाचलीत की काय ती? मग तिला आपलं मत सांगत बसला. पूर्वार्ध बरा साधलाय, विनोदही ठीक, पण शेवट पडला, रहस्य आधीच कळतं, प्रेमाचं प्रकरण तर उगाच चिकटवलंय. भिकुबाई हात जोडून ऐकत होती. शेवटी त्याने सांगितलं की हंगामाचे दिवस, शेठ सुट्टी देणार नाही, आणि आत उठून गेला.

परतीच्या गाडीत ती टोपली मांडीवर घेऊन बसली होती. खरं सांगून झालं होतं. छापील दाखवून झालं होतं. खरं बोलायला कोणी तयार नव्हतं आणि बोललेलं कोणाला पटत नव्हतं. असा विचार करता करता चाळीसगाव यायच्या आत तिला एक गोष्ट सुचली. ती सुचल्याबरोबर तिने कानांना हात लावले, आणि गाडी बदलून बसेपर्यंत ती करायची हे तिचं ठरलं होतं.

कासाराच्या घरात बांगडी फुटत नाही. हातातून पडून चक्काचूर झाली तरी ती ‘वाढली’ म्हणायचं. फुटली हा शब्द म्हणजे कोणाचा तरी नवरा गेला, म्हणून कासारणीने तो जिभेवर आणायचा नाही. भिकुबाईच्या आईने तिला बोलायला लागल्यापासून हे शिकवलं होतं. आणि म्हणूनच कोणत्या घरी चुडा भरला आणि कोणत्या घरी मनगटं मोकळी झाली, ह्याबाबत कासारणीच्या शब्दावर सावकार आणि ब्राह्मणही शंका घेत नसत.

ती गाडीवरून थेट वना आबाच्या ओट्याशी गेली. आबा होते, चुडामण होता, दाराआड झुंबरबाई होती. तानुबाई गोठ्यात शेण काढत होती. तिचा भाऊ चार दिवसांत यायचा होता.

“आबा, तो केशरनाथ मरी गया,” भिकुबाई म्हणाली. तिला वाटलं एवढ्यावर भागेल. पण आबा नुसते बघत राहिले. तेव्हा तिने ओट्याचा खांब धरला. “त्यानी बायकोन्या बांगड्या फोड्यात. मी तठेच व्हती.”

शब्द तोंडातून गेला आणि तिला घरी खाटेवर पडलेला सुकदेव दिसला. त्याची डावी बाजू, तिच्यावर त्याचा सगळा जीव टांगलेला. आत्ताच्या आत्ता पळत जाऊन त्याच्या नाकाशी बोट धरावं असं तिला वाटलं. पण ती खांब धरून उभी राहिली, आणि आबा विचारतील ते सांगत राहिली. कशाने गेला, तर झोपेत गेला. पोरंबाळं, तर नाहीत. बायको, तर माहेरी गेली.

मग चुडामणने कोपऱ्यातली काठी उचलून आत नेऊन ठेवली. आबा म्हणाले की मेल्या माणसाचं वैर करू नये. बायको मागे ठेवून गेला म्हणजे बायकोचा धनी होता, लोकांच्या घरात शिरणारा नव्हता, आपलंच काहीतरी चुकलं असेल. त्यांचं नेमकं काय चुकलं ते कोणी विचारलं नाही. गेलेल्या माणसासाठी म्हणून त्यांनी हातपाय धुतले, आणि शिरपूरला दुसरा निरोप धाडला, की येऊ नका.

भिकुबाई घरी धावतच गेली. सुकदेव उशीला टेकून बसलेला होता. तिने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि रडत सगळं सांगितलं. आपल्या मरणाची त्याला भीती वाटली असेल नसेल, पण पुढे काही त्याने विचारलं नाही. पुस्तक त्याने उशाखालून काढून तिच्या हाती दिलं. शेवट अजून वाचायचा होता, तो त्याने ती नसताना कधीतरी वाचून घेतला असावा, कारण तिने विचारलं तेव्हा एका शब्दात त्याने तिला सांगून टाकला.

गावात केशरनाथ मेल्याचं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पसरलं. तो पुस्तकातला आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांचेही डोळे भरले. पण कोणी भिकुबाईशी त्यावर बोललं नाही. ओसरीवर ती बसली की बायका हात पुढे करत आणि नजर दुसरीकडे ठेवत. जात्यावरच्या ओव्यांत पुन्हा देव आणि माहेर आलं. संध्याकाळी सुकदेवला सांगायला तिच्याकडे काही नसे. तो पुन्हा भिंतीकडे तोंड करू लागला. पोळा झाला, दिवाळी आली, आणि भाकरी पुढे केली की पुन्हा त्याचे डोळे मिटू लागले. त्या शब्दाचं फळ म्हणून हे होतंय, असं भिकुबाई मनात म्हणे. दुसरं कारण तिला माहीत होतं, पण त्यावर तिचा उपाय चालत नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर झुंबरबाईने तिला बोलावलं. आबा आणि चुडामण मळ्यात होते. तानुबाई येऊन बसली, मुकाट्याने हात मांडीवर ठेवला. हात वाळले होते, जुन्या मापाच्या बांगड्या ढिल्या झाल्या होत्या. भिकुबाईने एक माप लहान काढलं. पोरगा आईच्या पाठीला बिलगून उभा होता, आता तो तिचा पदर सोडतच नसे.

झुंबरबाईने दाराकडे एकदा पाहिलं, पुढे सरकली, आणि हळूच म्हणाली, “भिकुबाई, त्यानं लगीन कोनासंगे व्हयनं, तेवढं सांगी दे.”

भिकुबाईचा हात थांबला. सुकदेवने सांगितलेला तो एक शब्द तिच्या ओठावर आला. सांगितला असता तर झुंबरबाईला केवढा आनंद झाला असता. आज घरी नेण्यासारखं काही मिळालं असतं. सुकदेव कूस वळून म्हणाला असता, मग, काय म्हणाली झुंबरबाई. त्या दोन घासांसाठी भिकुबाईने काय नाही केलं असतं.

तानुबाईने नुकता भरलेला हात ओढून घेतला. “माले नही आयकनं,” ती म्हणाली, सासूकडे न बघता. एका हातात नव्या बांगड्या, दुसऱ्यात जुन्या, तशीच उठली, पोराला उचललं आणि परसात निघून गेली.

झुंबरबाई सुनेच्या जागी सरकून बसली. मग म्हणाली की सुनेचं काही मनावर घेऊ नको, ती अलीकडे अशीच करते, तू सांग. तिने आपला हात भिकुबाईच्या मांडीवर ठेवला.

भिकुबाईने तिचे हात भरले, दोन्ही, नीट मापाचे. मग म्हणाली की शेवटची पानं फाटलेली होती, आणि टोपली उचलून परसाकडे गेली, तानुबाईचा दुसरा हात भरायचा राहिला होता.